गुरुवारी आठ वाजता

पाहुणा बोलायचा, मी टाईप करायचे.
गोरेगाव पूर्वेला, बॅटरीच्या दुकानावर एक खोली,
दोन खुर्च्या, एक स्क्रीन, आणि पलीकडे
कोण कुठले लोक, काहीतरी विचारायला थांबलेले.

पहिल्या वर्षी आला भागोजी साळसकर,
पालिकेच्या शवागारात एकोणीस वर्षं.
कुणीतरी विचारलं, घरी गेल्यावर आधी काय करता?
लिहा, म्हणाला, दारात थोडा थांबतो.
मुलगी हाक मारते. मग आत जातो.
त्या एका 'थांबतो'वर
रात्री दीडपर्यंत प्रश्न येत राहिले.

एकदा लिफ्टमधला आवाज आला होता,
'दरवाजा बंद होत आहे' म्हणणाऱ्या कुंदा रणदिवे.
पैसे मिळाले ते एकदाच, साडेसातशे.
तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा आवाज आहे?
आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नाही, त्या म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या
की ते हसणं कसं टाईप करायचं मला कळेना.

हीरोही यायचे. त्यातला एक, नाव नको,
'शेवटचं खोटं कधी बोललात' या प्रश्नावर
नऊ मिनिटं गप्प बसला.
चहावर साय धरली.
पलीकडून एकही माणूस उठून गेला नाही.
मग म्हणाला, आत्ताच, खाली, जिन्यात.
आईला सांगितलं, जेवलोय.

मुलुंडच्या विभावरी टिपणीस
सगळ्यांना एकच विचारायच्या: आज डब्यात काय होतं?
हीरोला तेच, भागोजीला तेच.
आम्ही त्यांना हसायचो.
त्या प्रश्नाचं उत्तर
कुणी घरून तयार करून आणत नाही,
हे फार उशिरा लक्षात आलं.

नक्की कधी बिनसलं, सांगता येत नाही.
तो हीरो दुसऱ्यांदा आला तेव्हा
सोबत एक मुलगी, तिच्या हातात यादी:
हे बारा घ्या, हे नको, आईचं तर नाहीच.
तिसऱ्यांदा तो आला नाही. उत्तरं आली,
प्रश्नांच्या आधी.
मी त्यांना प्रश्न शोधत बसले,
बटण सापडलं म्हणून शर्ट शिवायला घ्यावा तसे.

लोकांना वास लागतोच.
पिक्चर कधी? माझं नाव घ्या ना. हाय. हाय. हाय.
उत्तरासाठी थांबेना कुणी.
विभावरीबाई एका गुरुवारी आल्या नाहीत,
मग पुढच्याही.
आणि त्यांना आम्ही कधी
काहीच विचारलेलं नव्हतं.

शेवटचा पाहुणा रघुवीर बोऱ्हाडे,
पाणी खात्यातला चावीवाला.
इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा,
आणि लोकांना दाखवायला म्हणून
मांडीवर आडवी धरून रिक्षातून आणलेली
ती लांबलचक लोखंडी चावी.

आठ. सव्वाआठ. स्क्रीन कोरी.
मी खोट्या नावांनी प्रश्न टाकायला लागले.
सायनहून अमुक विचारतात, व्हॉल्व्ह किती फिरवता?
बावीस फेरे. तेविसावा मारला की आटे गेलेच.
वडाळ्याहून तमुक विचारतात, चुकलात तर?
एका गल्लीला अंघोळ नाही. मला शिव्या.
मनापासून सांगत होता तो,
स्क्रीनकडे बघून, त्या अमुक-तमुकांना.
पावणेनऊला हळूच म्हणाला,
बाई, तुम्ही टाईप करता तेव्हाच प्रश्न येतात ना?

हो, म्हटलं.

असू दे. तुमच्याकडे पाणी कधी?
पहाटे साडेचार.
धार?
करंगळीएवढी.
त्याने कंगव्यामागून चिठ्ठी काढून लिहून घेतलं,
मग वॉर्ड विचारला,
आणि चिठ्ठीची घडी केली.
तो भाग आमच्याकडे येत नाही.

खोलीत आता बॅटऱ्या असतात.
पहाटे नळ खाकरतो, मी बादली लावते
आणि दुसऱ्याच कुठल्या रस्त्यावर
अंधारात चाललेले फेरे मोजते.
अठरा. एकोणीस.
धार तेवढीच.
डब्यात काय न्यायचं ते अजून ठरलेलं नाही.